वळणापलीकडचा ढोल

नाशिकच्या जुन्या गल्ल्यांत मिरवणूक दोन वळणे दूर असते, तेव्हा आपल्याला आधी ढोल ऐकू येतो. ताशाचा कडकडाट समोर आल्यावरच. सेकंदाला १०० कंपने असलेल्या खर्जाची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर. तो कोपऱ्याला सहज वळसा घालतो. ३००० कंपनांची तरंगलांबी जेमतेम ११ सेंटिमीटर. तिला भिंत आडवी येते.

गंमत अशी, की खर्जाला आपला कान मंद. म्हणून डबस्टेप संगीतात खर्जाबरोबर त्याच्या पटीतील कंपनेही मिसळतात. कान त्यांवरून मूळ खर्ज ताडतो. ध्वनिमापकही कानाच्याच बेताने मोजतो आणि ५० कंपनांच्या ध्वनीतून सुमारे ३० डेसिबल वजा करतो! निवासी भागासाठीची दिवसाची ५५ डेसिबलची मर्यादा याच मापातली. तावदाने थरथरतात, आकडा मात्र बेताचाच दिसतो.