जुना लॅपटॉप घेतला, आमचे चुकले का?



2025 च्या जून महिन्यात आम्ही घरात लॅपटॉप आणला. नवा नव्हे, जुना. 14,500 रुपये मोजले. त्यानंतर चार महिन्यांनी एका रात्री आम्ही नवरा-बायको त्याच लॅपटॉपपुढे डोक्याला हात लावून बसलो होतो. कष्टाचे पैसे पाण्यात गेले की काय, या विचाराने त्या रात्री आम्हाला झोप आली नाही.

ही गोष्ट घरातच ठेवायची असे आधी ठरवले होते. पण आपल्या वस्त्यांतून आता कितीतरी घरी लेकरे बीसीएला, डिप्लोमाला, इंजिनीअरिंगला आहेत. त्या घरांपुढेही हाच प्रश्न आज ना उद्या येणार. आमची फजिती त्यांच्या कामी यावी, म्हणून लिहीत आहोत.

भिशीचे पैसे

आमची थोरली लेक बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला. पहिले वर्ष तिने कॉलेजच्या लॅबवर काढले. लॅब संध्याकाळी बंद झाली की तिचा अभ्यासही बंद. घरी आल्यावर ती वहीवर प्रोग्रॅम लिहायची आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन तो चालतो की नाही ते पाहायची. 2020 च्या टाळेबंदीत दोन लेकरांत एक मोबाईल होता, तेव्हाही तिने धाकट्याला पुढे केले होते. यंदा भिशी आमच्या नावाने निघाली. त्यात थोडी भर घालून ठरवले, पोरीला लॅपटॉप घ्यायचाच.

नव्याच्या किमती 35-40 हजारांच्या पुढे ऐकल्या आणि जुन्याच्या दुकानात गेलो. तिथे एकावर एक रचलेले काळे लॅपटॉप. मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून काही वर्षे वापरून झालेले लॅपटॉप घाऊक विकले जातात. दुकानदार ते साफसूफ करून पुन्हा विकतात. आमच्यापुढे दोन ठेवले. एक 14,500 चा, एक 21,000 चा. दोन्हींचा रंग एक, आकार एक, दोन्हींवर 'आय-5' ची चिकटपट्टी.

मनात आले, दोन्ही सारखेच दिसतात, मग साडेसहा हजार जास्त कशाचे? मनातच आले, विचारले मात्र नाही. दुकान थंडगार, गिऱ्हाईक इंग्रजीत बोलणारे. आपण काही विचारले तर हसतील, याला कशातले काही कळत नाही म्हणतील, हीच भीती. लेक हळूच म्हणाली, "पप्पा, हाच बरा आहे, छोटावाला." आम्हाला तेवढेच हवे होते. पैसे दिले, कच्ची पावती घेतली आणि घरी आलो. दुकानदाराने खोटे सांगितले नाही. आम्ही विचारले नाही, त्याने सांगितले नाही, इतकेच.

शेजारच्या पोराने सांगितले

लॅपटॉप चालायचा, पण फार हळू. सुरू व्हायला चार-चार मिनिटे लागत. लेक बटण दाबून पाणी भरायला जायची. जुना आहे, चालायचेच, असे आम्ही म्हणत होतो.

ऑक्टोबरात शेजारचा एक पोरगा घरी आला. कंपनीत कॉम्प्युटरचे काम करतो. पाहून म्हणाला, "काकू, हा सहाव्या पिढीचा आहे. यात विंडोज 10 आहे, त्याचे अपडेट 14 तारखेपासून बंद झाले. आणि विंडोज 11 याला चालत नाही. घेताना मला विचारायचं तरी!"

त्याचे म्हणणे खरे होते. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा आधार काढून घेतला. याचा अर्थ लॅपटॉप त्या दिवशी बंद पडला असा नाही. तो चालतो. पण चोरट्यांना शिरायला नवी फट सापडली, तर ती बुजवणारे सुरक्षेचे अपडेट येणे थांबते. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत एक वर्षाची वाढीव मुदत कंपनीने दिली. विंडोज 11 साठी मात्र साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमचा सहाव्या पिढीचा, म्हणजे 2015 सालच्या घडणीचा. आणि दुकानातला तो 21,000 चा आठव्या पिढीचा होता. साडेसहा हजार कशाचे, ते आम्हाला चार महिन्यांनी कळले.

लेक काय म्हणाली

त्या रात्री घरात वाजले. आमच्यापैकी एकाने दुसऱ्याला दोष दिला. कोणी कोणाला, ते सांगत नाही. खरे तर दोघांनीही दिला. "घाई कोणाला झाली होती?" "पैसे वाचवा कोण म्हणत होतं?" असे बराच वेळ चालले. शेवटी माळ्यावरून लेक खाली उतरली.

म्हणाली, "आई, पप्पा, भांडू नका. मला माहीत होतं. दुकानात जायच्या आधी मी मैत्रिणीला विचारून घेतलं होतं. आठव्या पिढीचा घे, असं ती म्हणाली होती. पण दादूची दहावी आहे, क्लासची फी भरायची आहे. म्हणून मी गप्प बसले."

आम्ही दोघेही गप्प झालो. आम्हाला वाटत होते, आम्ही लेकीसाठी पोटाला चिमटा घेतला. इकडे लेकच आमच्यासाठी मन मारत होती. तिला घरची अडचण दिसत होती, पण घरचा हिशेब आम्ही तिला कधी दाखवलाच नव्हता. भिशीचे किती आले, फीचे किती बाजूला ठेवले, हे तिला ठाऊक असते, तर तीन महिन्यांच्या हप्त्यात त्या साडेसहा हजारांचा मेळ बसला असता. तो बसत होता, हे आम्ही त्या रात्री कागदावर मांडून पाहिले.

विहारातली दुरुस्ती

आमच्या विहारात रविवारी एक दादा मुलांना कॉम्प्युटर शिकवतात. लॅपटॉप पिशवीत घालून त्यांच्याकडे नेला. आम्ही रडगाणे सुरू केले, तसे ते हसून म्हणाले, "वंदनेत आपण रोज धम्माला एहिपस्सिको म्हणतो. ये आणि स्वतः पाहा. मग याच्याबद्दलही ऐकीव कशाला? उघडून पाहू."

त्यांनी मागचे झाकण उघडून एकेक गोष्ट दाखवली. लॅपटॉप हळू होता तो प्रोसेसरमुळे नव्हे. आत फिरत्या तबकडीची जुनी हार्डडिस्क होती. तिच्यात तबकडी गरगर फिरते, सुईसारखा हात माहिती शोधत हिंडतो, म्हणून वेळ लागतो. तिच्या जागी एसएसडी बसवली तर तबकडीही नाही आणि शोधाशोधही नाही. रॅम 8 जीबी होती, ती अभ्यासाला पुरेशी. बॅटरी मात्र अर्धीच उरली होती. नवी असताना तिच्यात किती वीज मावायची आणि आता किती मावते, हे विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये दिसते.

मग विंडोजचा प्रश्न. दादांनी लेकीला विचारले, "तुला शिकायला काय काय आहे?" सी, जावा, पायथन आणि डेटाबेससाठी मायएसक्यूएल, असे तिने सांगितले. ते म्हणाले, "हे सगळं लिनक्सवर चालतं, आणि लिनक्सला पैसे पडत नाहीत." त्यांनी 256 जीबीची एसएसडी बसवली आणि तिच्यावर लिनक्स मिंट टाकले. मजुरी घेतली नाही. सुटा भाग आणि बारीकसारीक मिळून 2,200 रुपये लागले. वर्ड-एक्सेलच्या फायली लिबरऑफिसमध्ये उघडतात. मराठी टाइप करता येते. चार मिनिटांनी सुरू होणारा लॅपटॉप आता अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होतो. लेकीचे पाणी भरणे राहून जाते, म्हणून आता धाकट्याला उठावे लागते.

सगळ्यांना हा उपाय लागू पडेल असे नाही. टॅली किंवा ऑटोकॅड शिकणाऱ्याला विंडोज लागते. त्याने लिनक्सच्या भरवशावर जुना लॅपटॉप घेऊ नये. आणि अपडेट बंद झालेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारचे काम करू नये. तिथे चोरी झाली तर वाचवलेल्या पैशापेक्षा जास्त जाईल.

घेण्यापूर्वी हे पाहा

आम्ही ठेच खाल्ली. तुम्ही शहाणे व्हा.

1. आधी लेकराला विचारा, शिकायला काय आहे आणि त्याला काय लागते. कॉलेजच्या सरांकडून किंवा मॅडमकडून कागदावर लिहून आणायला सांगा.

2. 'आय-5' एवढ्यावर जाऊ नका. पुढचा आकडा विचारा. 6300 म्हणजे सहावी पिढी, 8250 म्हणजे आठवी. सुरुवातीला 10, 11, 12 असे आकडे असतील तर ती दहावी, अकरावी, बारावी. दुकानदाराच्या शब्दावर राहू नका. विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, मग अबाऊट उघडले की हा आकडा दिसतो.

3. रॅम 8 जीबी हवी आणि हार्डडिस्कऐवजी एसएसडी हवी. रॅम पुढे वाढवता येते का, हेही विचारा. काहींमध्ये ती पक्की जोडलेली असते.

4. दुकानातच अर्धा तास चालवा. प्रत्येक कळ दाबून पाहा. कॅमेरा, आवाज, वायफाय, चार्जिंगची पिन, पडद्यावरचे डाग, बिजागरी तपासा. चार्जर काढून बॅटरी किती टिकते ते पाहा. कंपनीतून आलेल्या लॅपटॉपवर जुना पासवर्ड किंवा कुलूप राहिलेले नाही ना, याची खात्री करा.

5. पक्के बिल घ्या. त्यावर मॉडेल, नंबर आणि किती दिवसांची वॉरंटी ते लिहून घ्या. बिल मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. फसवणूक झाली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पण हातात बिल असेल तरच आपले म्हणणे टिकते.

6. आणि विचारायला लाजू नका. पैसे आपले आहेत, घामाचे आहेत. न विचारता बाहेर पडलो, तर हसे आपलेच होते.

जुने म्हणजे कमीपणा नव्हे

जुनी वस्तू घेतली म्हणून आम्हाला थोडी लाजही वाटत होती. कोणी विचारले तर 'सेकंडहँड' म्हणताना आवाज खाली यायचा. मग बाबासाहेबांची आठवण झाली. 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना त्यांनी न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे 2 हजार पुस्तके जमवली, असे धनंजय कीर यांनी त्यांच्या चरित्रात लिहिले आहे. पोटाला चिमटा घेऊन घेतलेली ती पुस्तके दुसऱ्यांच्या हातातून आलेली होती. पण आत काय आहे ते पाहून, पारखून घेतलेली होती. आम्ही मात्र वरची चिकटपट्टी पाहून घेतले. फरक तेवढाच, आणि तोच मोठा.

वर्षावास संपल्यावर विहारात कठीण चीवरदानाचा कार्यक्रम झाला. भन्तेजींनी विनयपिटकातली कथा सांगितली. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी भिक्खू आनंदांना 500 चीवरे दान दिली. राजाने विचारले, एवढ्या चीवरांचे करणार काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे विरली आहेत त्या भिक्खूंना वाटू. मग त्या विरलेल्यांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने करू. ती जुनी झाली की गादीच्या खोळी, मग जमिनीवर अंथरायला, मग पायपुसणी, मग धूळ झाडायची फडकी. आणि फडकीही फाटली की बारीक तुकडे करून चिखलात मळू आणि त्याने जमीन सारवू. राजाची खात्री पटली, हे लोक काही वाया घालवत नाहीत.

ऐकताना आम्ही एकमेकांकडे पाहिले. गोधडी शिवणाऱ्या आपल्या आयाबायांना ही रीत कोणी शिकवायला नको. आमच्या लॅपटॉपचेही तसेच करायचे ठरवले आहे. लेकीचे शिक्षण होईपर्यंत तिला. मग धाकट्याच्या टायपिंगला. तेही झेपेनासे झाले की एसएसडी काढून दुसऱ्या यंत्राला, आणि उरलेला सांगाडा विहारातल्या दादांकडे, मुलांना आत काय असते ते उघडून दाखवायला.

तर वाचकहो, आमचे चुकले का? हो, चुकले. पण जुना लॅपटॉप घेतला, ही चूक नव्हती. 14,500 आणि 2,200 मिळून 16,700 रुपयांत लेकीचा अभ्यास नीट चालला आहे. न विचारता घेतला, ही चूक. आणि घरातल्या हिशेबात लेकीला बसवले नाही, ही त्याहून मोठी. पहिली चूक 2,200 रुपयांत दुरुस्त झाली. दुसरीसाठी आता दर महिन्याच्या पगाराच्या रात्री आम्ही चौघे एकत्र बसतो. पुढे वही असते. काय आले, काय गेले, ते लेक लिहिते आणि धाकटा बेरीज करतो. परवा तो म्हणाला, "क्लासची फी दोन हप्त्यांत भरता येते, मी विचारून आलो."

विचारून आलो म्हणाला. ऐकून बरे वाटले.

जयभीम! नमो बुद्धाय!