राजाचं लग्न भूमीशी

रोलप्लेइंग खेळात खेळाडू काल्पनिक जगातलं एखादं पात्र होऊन वावरतो. अशा जगाला नुसता नकाशा आणि शस्त्रं पुरत नाहीत; त्याला स्वतःची पुराणंही लागतात. अमेरिकन लेखक ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९६६ पासून रचत नेलेलं ‘ग्लोरँथा’ हे याचं उत्तम उदाहरण. १९७८ साली आलेला ‘रूनक्वेस्ट’ हा खेळ याच जगात घडतो. तिथे ‘ड्रॅगन पास’चा राजा व्हायला लढाई जिंकणं पुरेसं नसतं; भूदेवीचं रूप असलेल्या ‘फेदर्ड हॉर्स क्वीन’शी विवाह करावा लागतो.

या कल्पनेची मुळं खऱ्या परंपरांत सापडतात. आयरिश कथांत राजपद म्हणजे भूमिदेवतेशी विवाह. तिथल्याच नुआदा या राजाला युद्धात हात गमावल्यावर गादी सोडावी लागली, कारण राजा अव्यंग हवा. आपल्या ‘भूपती’ शब्दातही राजा आणि भूमीचं हेच नातं आहे.

जग रचताना म्हणून आधी विचारावं: राजाला अधिकार कोण देतं? त्याने कोणतं व्रत मोडलं की पाऊस थांबतो? शेजारची जमात हीच कथा कशी सांगते? उत्तरं परस्परविरोधी आली, तर तशीच ठेवावीत. जिवंत परंपरा अशाच असतात.