मिठाचा दाणा चौकोनी कां?

पेण तालुक्यांत खाडीकांठीं ज्यांचें बालपण गेलें, त्यांस मिठागराचें वर्णन करून सांगावयास नको. भरतीचें पाणी उथळ कप्प्यांत कोंडावें, उन्हानें तें आटावें आणि तळाशीं शुभ्र दाणे दिसूं लागावे, हें आम्हीं लहानपणीं कितीदां तरी पाहिलें. पुढें मी शिक्षक झालों. एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, मिठाचा दाणा चौकोनीच कां?" "परीक्षेंत हें विचारीत नाहींत," असें म्हणून मीं त्यास खालीं बसविलें. प्रश्न मात्र मजजवळच राहिला. निवृत्तीनंतर त्याचें उत्तर शोधूं लागलों, तों मिठागरांतून निघालेली वाट थेट आपल्या शरीरापर्यंत येऊन पोंचली.

मिठाचें कोडें लॉरेन्स ब्रॅग यांनीं १९१३ मध्यें उलगडलें. क्ष-किरण स्फटिकांतून सोडले असतां ते ठराविक दिशांनाच विखुरतात; त्यांवरून आंतील अणूंच्या जागा गणितानें काढतां येतात. मिठांत सोडियम व क्लोरीन यांचे विद्युद्भारित अणु बुद्धिबळाच्या पटावरील काळ्या-पांढऱ्या घरांप्रमाणें आळीपाळीनें, तिन्ही दिशांना काटकोनांत मांडलेले असतात. आंतली मांडणी तशी, म्हणूनच दाणा तसा.

हीच दृष्टि पुढें अमिनो आम्लांकडे वळली. वरणांतील प्रथिनें म्हणजे ह्याच लहान रेणूंच्या लांब माळा. त्यांतील सर्वांत साधें ग्लायसिन. त्याची स्फटिकरचना ऑल्ब्रेख्ट व कोरी यांनीं अमेरिकेंत १९३९ मध्यें प्रसिद्ध केली. अशा रेणूच्या एका टोकास धन भार, तर दुसऱ्यास ऋण भार असतो. त्यामुळें स्फटिकांत पुष्कळदां एकाचें शिर दुसऱ्याच्या पुच्छाशीं येतें. रोह्याच्या स्थानकांत डब्यामागें डबा लागावा, तशी ती रांग.

कार्बोक्झिलिक आम्लें तर आपल्या स्वयंपाकघरांतलींच. चिंचेंत टार्टारिक, लिंबांत सायट्रिक, अळूंत ऑक्झॅलिक. टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक १८४८ मध्यें पाश्चर यांनीं भिंगाखालीं निवडले, तेव्हां त्यांत डाव्या व उजव्या हातासारखे परस्परांचीं प्रतिबिंबें असलेले दोन प्रकार निघाले. हा डावा-उजवा भेद ग्लायसिन वगळतां प्रथिनांतील सर्व अमिनो आम्लांतहि आहे, आणि सजीवांच्या प्रथिनांत बहुतेक सर्वत्र डावाच प्रकार आढळतो.

ह्या दोन्ही जातींच्या आम्लांस एकत्र स्फटिकरूप देऊन त्यांचें परस्परांशीं वर्तन पाहण्याचें मोठें काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत एम्. विजयन (१९४१–२०२२) यांनीं अनेक वर्षें चालविलें. इन्शुलिनची रचना १९६९ मध्यें उलगडणाऱ्या डोरोथी हॉजकिन यांच्या ऑक्सफर्ड येथील मंडळींत ते होते. त्यांचे एक शिष्य दिनकर साळुंके. त्यांनीं गुरूंसमवेत आर्जिनिन व अस्पार्टिक आम्ल यांच्या संयुक्त स्फटिकाचा अभ्यास केला. आर्जिनिनचें धनभारित टोक ऋणभारित कार्बोक्झिल गटास कित्येकदां एका नव्हे, तर दोन समांतर हायड्रोजन-बंधांनीं धरतें, जणूं दोन्ही हातांनीं.

ही पकड स्फटिकापुरती नाहीं. शरीरांतील प्रथिनेंहि आपल्या कार्यास योग्य तो रेणु ओळखतात, तेव्हां पुष्कळदां हीच पकड योजतात. शिवाय, शिर-पुच्छ रांगेंत शेजारच्या रेणूंमधून पाण्याचा एकेक रेणु निघून गेला, तर प्रथिनाची माळ गुंफली जाईल. आदिकाळीं असेंच घडलें असेल काय, असा तर्क शास्त्रज्ञ करतात. तो अद्याप तर्कच आहे. पण 'जड' आणि 'चेतन' यांमध्यें मीं फळ्यावर जन्मभर जी ठळक रेघ ओढली, ती तितकी ठळक नव्हती, एवढें मात्र मला उमगलें.

घरांतील मुलांकडून एवढें करवावें. कढत पाण्यांत विरेल तितकें मीठ विरघळवून, गाळून, बशीत घालून ती न हलवितां कांहीं दिवस ठेवावी. पाणी जितकें सावकाश आटेल, तितके दाणे मोठे व रेखीव होतील. मग मूल विचारील, "हे चौकोनी कां?" त्यास खालीं बसवूं नये, आपणच त्याच्याशेजारीं बसावें.