बादल्यांच्या गजरातून भरलेल्या मैदानांपर्यंत

अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींचे बास्केटबॉल आज कोट्यवधी लोक पाहतात. पण याच खेळातल्या मुलींवर एकेकाळी प्रवासखर्चासाठी टूथब्रश विकण्याची वेळ आली होती. हा बदल कसा घडला?

१९७२ चा मार्च महिना. फिलाडेल्फियाजवळच्या इमॅक्युलाटा या मुलींच्या छोट्याशा कॉलेजचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडला गेला. स्पर्धा होती दूर इलिनॉय राज्यात आणि विमानभाड्याला पैसे नव्हते. मुलींनी टूथब्रश विकून पैसे उभे केले, तरी ते सगळ्यांना पुरेनात. शेवटी आठच जणी गेल्या, त्याही विमानात ऐनवेळी रिकाम्या राहिलेल्या जागांवर. कॉलेजचा क्रीडा हॉल काही वर्षांपूर्वी आगीत जळाला होता. प्रशिक्षिका कॅथी रश यांना हंगामाचे मानधन होते ४५० डॉलर!

सोळा संघांत पंधराव्या क्रमांकावर असलेल्या या मुलींनी अजिंक्यपद पटकावले आणि पुढची दोन वर्षेही ते राखले. हे कॉलेज नन्स चालवत. सामन्यांच्या वेळी त्या बादल्या बडवून आपल्या मुलींना प्रोत्साहन देत. मुलींच्या खेळाला तेव्हा असेच घरचे प्रेक्षक लाभत.

खेळा, पण बेताने

खरे तर मुली हा खेळ जवळजवळ त्याच्या जन्मापासून खेळत आहेत. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये बास्केटबॉल शोधून काढला आणि १८९३ च्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने विद्यार्थिनींचा सामना भरवला. पण नाजूक मुलींना एवढी धावपळ झेपेल का, अशी शंका त्या काळी सर्वांनाच होती. म्हणून मैदानाचे तीन भाग केले. प्रत्येकीने आपल्याच भागात राहायचे, प्रतिस्पर्धी मुलीच्या हातून चेंडू हिसकावायचा नाही आणि तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ तो हातात ठेवायचा नाही, असे नियम झाले. १८९६ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या मुली समोरासमोर आल्या. स्टॅनफर्डने तो सामना २-१ असा जिंकला. प्रेक्षक म्हणून फक्त स्त्रियांना प्रवेश होता!

मुलींना खेळू द्यायचे, पण बेताने, ही वृत्ती पुढे कित्येक वर्षे टिकली. संपूर्ण मैदानभर पाच-पाच जणींनी धावत खेळणे कॉलेजांत रूढ व्हायला १९७० च्या आसपासचा काळ उजाडावा लागला.

कायद्याचे पाठबळ

जून १९७२ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. त्यातले मुख्य कलम अवघे ३७ इंग्रजी शब्दांचे आहे. सरकारी आर्थिक मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री किंवा पुरुष असल्याच्या कारणावरून कोणालाही वगळता येणार नाही, एवढेच ते सांगते. ‘टायटल नाइन’ या नावाने ते ओळखले जाते. गंमत म्हणजे त्यात ‘खेळ’ हा शब्दच नाही. पण मैदान, शिष्यवृत्ती, प्रशिक्षक हेदेखील शिक्षणाचेच भाग ठरले आणि मुलींसाठी दारे उघडली. त्या वेळी तिथल्या माध्यमिक शाळांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून कमी होत्या. आज ती संख्या तीस लाखांच्या पुढे आहे.

संधी मिळताच काय होते, याचे उदाहरण म्हणजे पॅट समिट. १९७४ मध्ये वयाच्या बावीसाव्या वर्षी त्या टेनेसी विद्यापीठाच्या प्रशिक्षिका झाल्या. पगार महिना २५० डॉलर. खेळाडूंचे कपडे त्या स्वतः धूत, सामन्याला जायची गाडीही स्वतःच चालवत. २०१२ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्या नावावर १,०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय अजिंक्यपदे होती. पण आईवडिलांना कौतुक वाटेल ते दुसऱ्याच गोष्टीचे. त्यांच्या हाताखाली आपला पूर्ण कालावधी खेळलेल्या प्रत्येक मुलीने पदवीही मिळवली. खेळामुळे अभ्यास बुडतो, असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते?

पाच महिन्यांची परीक्षा

हा हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुरू होतो. आधी निरनिराळ्या भागांतल्या संघांशी लढती होतात. नंतर जानेवारी-फेब्रुवारीत आपापल्या गटातले चुरशीचे सामने रंगतात आणि मार्चच्या सुरुवातीला गटाचे विजेते ठरतात. मग एका रविवारी राष्ट्रीय स्पर्धेचे संघ जाहीर होतात. इथून पुढे एकच नियम – हरला तो घरी गेला. एप्रिलच्या सुरुवातीला चार संघ उरतात आणि त्यांतून विजेता ठरतो. या पाच महिन्यांत व्याख्याने, परीक्षा आणि प्रवास हे सारे सांभाळायचे असते.

दोन व्यायामशाळा

कायदा झाला म्हणून मने लगेच बदलत नाहीत. २०२१ मध्ये मुलींची राष्ट्रीय स्पर्धा टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला होती. मुलांसाठी सुसज्ज व्यायामशाळा उभारली होती, तर मुलींच्या वाट्याला डंबेल्सची एक मांडणी आणि काही सतरंज्या आल्या होत्या. जागा नव्हती, असे कारण देण्यात आले. ओरेगॉन विद्यापीठाची खेळाडू सेडोना प्रिन्स हिने तिथली मोकळी जागाच चित्रित करून जगाला दाखवली! आयोजकांना माफी मागावी लागली. पुढच्याच वर्षी मुलींच्या स्पर्धेत मुलांइतकेच, म्हणजे ६८ संघ झाले आणि ‘मार्च मॅडनेस’ हे मुलांपुरते राखलेले नावही मुलींच्या स्पर्धेला मिळाले. स्पर्धेतील कामगिरीप्रमाणे पैसे वाटून देण्याची पद्धत मुलांसाठी १९९१ पासून होती. मुलींसाठी ती २०२५ मध्ये सुरू झाली.

मुलींचे सामने बघतो कोण, हा प्रश्नही आता उरलेला नाही. २०२४ च्या अंतिम सामन्यात डॉन स्टेली यांच्या साउथ कॅरोलिना संघाने आयोवाला ८७-७५ असे हरवले आणि एकही सामना न गमावता हंगाम संपवला. आयोवाकडून खेळत होती केटलिन क्लार्क. कॉलेज कारकिर्दीत ३,९५१ गुण करून तिने अव्वल विभागातले स्त्री-पुरुष दोघांचेही विक्रम मागे टाकले होते. अमेरिकेत तो सामना सरासरी एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. त्या वर्षी मुलांच्या अंतिम सामन्याला एवढे प्रेक्षक मिळाले नव्हते.

या यशाला एक काळी किनारही आहे. १९७२ मध्ये तिथल्या कॉलेजांत मुलींच्या सर्व खेळांचे मिळून दहापैकी नऊ प्रशिक्षक स्त्रियाच होत्या. मानधन आणि मान वाढला तसे पुरुष या जागांवर आले आणि आज स्त्रियांचे प्रमाण निम्म्याहूनही कमी आहे. पैसा नव्हता तेव्हा कपडे धुवायला बाई आणि पैसा आला तेव्हा खुर्चीवर पुरुष, हे चित्र आपल्यालाही ओळखीचे वाटेल.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा होतात, पण त्या थोड्याच दिवसांत आटोपतात. मुलींना खेळाची आवड नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. अमेरिकेतही शंभर वर्षांपूर्वी नेमके हेच म्हणत होते. आवड मुलींत होतीच. उणीव होती मैदानाची, वेळेची आणि पाठीशी उभ्या राहणाऱ्या माणसांची. तुमच्या मुलीचा सामना असेल तेव्हा त्या दिवसाची कामे जरा बाजूला ठेवा आणि मैदानाच्या कडेला जाऊन बसा. बादली नसली तरी चालेल, टाळ्या पुरतील.