शेफील्ड परिसरातील ख्रिसमस गीते : मौखिक परंपरा आणि ध्वनिमुद्रण

इंग्लंडमधील शेफील्डजवळच्या स्टॅनिंग्टन, डंगवर्थ आदी गावांत नोव्हेंबरच्या मध्यापासून २६ डिसेंबरपर्यंत पारंपरिक ख्रिसमस गीते, अर्थात कॅरोल, प्रामुख्याने पबमध्ये गायिली जातात. यामागील कारण ऐतिहासिक आहे. १९ व्या शतकातील चर्च-सुधारणांमुळे सज्जात बसून गाणारे-वाजविणारे ग्रामस्थ मागे पडले. त्यांची जागा ऑर्गन व प्रशिक्षित गायकवृंदाने घेतली. जुन्या चालींना मात्र पबमध्ये आश्रय मिळाला. नेहम टेट यांचे १७०० साली प्रसिद्ध झालेले मेंढपाळांविषयीचे गीत येथे आजही अनेक चालींवर गायिले जाते.

लोकसंगीताचे अभ्यासक इयन रसेल यांनी १९६९ पासून या गायनाचे प्रत्यक्ष स्थळी ध्वनिमुद्रण केले. स्वरलेखनात चाल नोंदविता येते. परंतु गीत कोणी उचलले, समूह कोठे सामील झाला, शेजारच्या गावाची चाल कशी वेगळी पडते, हे ध्वनिमुद्रणातूनच कळते. तथापि मुद्रित झालेले एकच रूप प्रमाण मानले जाण्याचा धोकाही त्यात संभवतो. म्हणून एकाच गीताची निरनिराळ्या गावांतील व वर्षांतील ध्वनिमुद्रणे जतन करून ती परस्परांशी ताडून पाहणे अभ्यासकाच्या दृष्टीने अगत्याचे ठरते.