वर्गातल्या सॉफ्टवेअरची परीक्षा

लातूर जिल्ह्यातल्या चाकूरसारख्या तालुक्यातली शाळा लोकसहभागातून सॉफ्टवेअर घ्यायला निघते, तेव्हा विक्रेता आधी रंगीत चित्रे आणि हलते आराखडे दाखवतो. हृदयातला रक्तप्रवाह समजायला ते उपयोगीही पडतात. पण पैसा मोजण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: शिकवता शिकवता प्रत्येक मुलाला काय कळले, हे शिक्षकाला दिसते का? ०.३५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती, असे विचारले की पुढच्या बाकावरून बरोबर उत्तर येते आणि धडा पुढे सरकतो. ३५ हे ५ पेक्षा मोठे म्हणून ०.३५ मोठी मानणारी मुले मात्र गप्पच राहतात.

या गप्प मुलांपर्यंत पोहोचायचा मार्ग आहे. हार्वर्ड विद्यापीठाचे एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रुजवलेल्या पद्धतीत प्रत्येक विद्यार्थी आधी स्वतंत्र उत्तर देतो, मग शेजाऱ्याशी चर्चा करून पुन्हा देतो. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या भौतिकशास्त्राच्या चाचण्या तपासल्या. वर्गातच विचार आणि चर्चा करायला लावणाऱ्या अभ्यासक्रमांत संकल्पनांच्या समजेतली सरासरी वाढ पारंपरिक अभ्यासक्रमांच्या सुमारे दुप्पट आढळली. कॅनडातील नॅथॅनिएल लॅस्री यांनी २००८ मध्ये बटण दाबून उत्तर देण्याचे इलेक्ट्रॉनिक क्लिकर आणि उत्तर दाखवण्याची साधी कार्डे यांची तुलना केली, तेव्हा शिकण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. गुण पद्धतीचा आहे, यंत्राचा नाही.

मग सॉफ्टवेअर घ्यावेच कशाला? हातातली कार्डे पाहून मुले एकमेकांची उत्तरे उचलतात, आणि भरल्या वर्गात कोण कुठे चुकले याची नोंद राहत नाही. प्लिकर्स या ॲपमध्ये प्रत्येकाच्या कागदी कार्डावर वेगळी आकृती असते. कार्ड फिरवून जी बाजू वर धरली, ते उत्तर. शिक्षकाचा एकच फोन सगळी कार्डे वाचतो, मुलांना फोन लागत नाही. कागद आणि फोन यांच्या जोडीची ताकद सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत शिकवताना रणजितसिंह डिसले यांनी क्यूआर कोडच्या पाठ्यपुस्तकांतून दाखवलीच आहे. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. परीक्षेच्या कसून सरावासाठी ओळखल्या जाणाऱ्या ‘लातूर पॅटर्न’च्या जिल्ह्यात आणखी बहुपर्यायी प्रश्न कशाला, हा आक्षेपही रास्त आहे. मात्र परीक्षेत उत्तराचे गुण होतात. इथे त्या उत्तरावरून पुढची दहा मिनिटे काय शिकवायचे ते ठरते. त्यासाठी चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या चुकांतूनच घ्यायला हवेत. म्हणून खरेदीआधी आठवडाभर कागदी कार्डांवर असे प्रश्न विचारून पाहावेत. ते जमले, की मराठीत प्रश्न किती मिनिटांत तयार होतो, नेट गेल्यावर काय चालते आणि फुकट आवृत्तीत किती मुले बसतात, हे तपासूनच पैसे द्यावेत.