चंद्याचा पैसा कुणाच्या नावावर?

कोरेगाव, रहिमतपूरसारख्या बाजारपेठांत आपले व्यापारी व कारागीर बांधव गरीब मुलांच्या फीसाठी, दवाखान्यासाठी, विधवांच्या मदतीसाठी चंदा गोळा करतात. हेतू नेक असतो, पण बँकेतले खाते बहुधा एखाद्या मोठ्या माणसाच्या नावावर असते. तो माणूस हयात नसला की खाते अडकते, वारस दावा सांगतात आणि अमानतीचे भांडण होते. यावर उपाय एकच, नोंदणी.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण पाहा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९३५ साली तिची रीतसर नोंदणी झाली. कर्मवीर गेले, संस्था उभी आहे. कारण मिळकत व्यक्तीची नव्हे, संस्थेची होती.

नोंदणीचे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला, संस्था नोंदणी अधिनियम, १८६०. यासाठी किमान सात सभासद लागतात. उद्देशपत्र व नियमावली तयार करून सर्वांनी सह्या करायच्या. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक न्यास मानली जाते. म्हणून १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही ती नोंदवावी लागते. दुसरा मार्ग, विश्वस्तपत्र करून थेट याच कायद्याखाली ट्रस्ट नोंदवणे. स्थापनेपासून तीन महिन्यांत कलम १८ प्रमाणे अर्ज करावा. कोरेगावकरांसाठी धर्मादाय कार्यालय साताऱ्यात आहे.

नियमावली उसनी आणू नका. सभासद कोण, निवडणूक कधी, बँकेत सह्या कुणाच्या आणि संस्था बंद पडल्यास शिल्लक कुठे जाईल, हे स्वच्छ लिहा. पुढची बहुतेक भांडणे इथेच मिटतात.

वक्फ ही गोष्ट निराळी. त्याची नोंद वक्फ मंडळाकडे होते. मात्र मुसलमानांनी काढलेला प्रत्येक ट्रस्ट वक्फ ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे.

नोंदणी झाली म्हणजे काम संपले असे नाही. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावेत. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय जागा विकू नये. देणगीदाराला आयकरात सवलत हवी असेल तर आयकर खात्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

दुकानाचा हिशेब आपण रोज लिहितो. चंद्याचा हिशेब तर त्याहून चोख हवा, कारण तो पैसा आपला नसतो.